छर्ऱ्यातले शिसे घरापर्यंत

पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये लांबट काळी पेटी सांभाळत उभी असलेली मुले जुईनगरच्या प्रवाशांना आता नवी राहिलेली नाहीत. पेटीत गिटार नसते, रायफल असते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी नवीन पनवेलला प्रशिक्षण सुरू केले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी हा खेळ मराठी घरांत नेला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकल्यावर तर नेमबाजी हा मध्यमवर्गीय घरातला परवडणारा हट्ट वाटू लागला. परवडणारा म्हणजे पहिले सहा महिने. नंतर छर्रे, गोळ्या, जॅकेट यांची बिले येऊ लागतात.

इथेच परदेशी व्हिडिओ मदतीला धावतात. अमेरिकेत झाडलेली काडतुसे घरी पुन्हा भरणे हा रीतसर छंद आहे. मैदानावरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, घासूनपुसून चकचकीत करायच्या आणि गॅरेजमधल्या टेबलावर त्या नव्याने भरायच्या. काहीजण तर शिसे वितळवून गोळ्याही स्वतःच ओततात. पैसे वाचतात आणि नेम सुधारतो, असा त्यांचा दावा. आपल्याकडे या हौसेला कायद्याचे उत्तर सरळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय ५० मीटर रायफलच्या खेळात जी पॉइंट २२ ची गोळी वापरतात, ती पुन्हा भरण्याजोगी नसतेच. तिचे पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत असते, आणि गोळी झाडताना ती कडच चेपली जाते.

मग आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला? कारण त्या छंदातला एक धोका कायद्याच्या दाराशी थांबत नाही. दारूच्या स्फोटाची भीती सगळ्यांना कळते. तिथे लहान मुलाला कोणी जवळ फिरकू देणार नाही. शिशाला मात्र ना वास, ना ठिणगी. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसवरही. वितळलेल्या शिशावर जी राखाडी साय धरते ती खरवडली की तिची भुकटी होते. काडतुसाच्या बुडाशी जे पेट घेणारे मिश्रण असते, त्यातही बहुधा शिशाचेच संयुग असते. त्यामुळे झाडलेल्या पुंगळीच्या आत शिशाची काजळी बसलेली असते, आणि पुंगळ्या घासून स्वच्छ करताना तीच हवेत उडते. हौशी माणूस टेबल पुसतो, हात पँटला पुसतो आणि जेवायला बसतो.

आपल्याकडे गॅरेज नाही आणि परवानाही नाही, म्हणून सुटलो असे मात्र नाही. जुईनगरच्या अनेक घरांची मुळे कोकणात आहेत. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आहेत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापुढे शेतकऱ्याचा तेवढाच आधार. ठासणीचा बार प्रत्येक वेळी हातानेच भरायचा असतो. शिसे चुलीवर वितळवून छर्रे घरीच पाडायचे, ही तिथली जुनी रीत. इकडे खाडीकाठी सारसोळे, दिवाळे इथल्या कोळीवाड्यांत जाळे तळाला जावे म्हणून त्याला शिशाचे मणी लावतात, आणि गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींच्या डबीतही तीच वजने असतात. जुन्या बॅटरीतले शिसे वितळवून वजन ओतणे हा तर सर्वांत वाईट मार्ग, कारण बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाची भुकटी आधीपासूनच असते. यातले कोणीही गुन्हेगार नाही. शिसे वितळवण्याचे काम स्वयंपाकघरात, अंगणात, मुले खेळत असतात तिथेच चालते, एवढाच त्यांचा दोष, आणि तोही माहिती नसल्यामुळे.

शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही. ते कॅल्शियमसारखे भासवून हाडात शिरते आणि तिथे दशकानुदशके राहते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, म्हणून माणसाला वाटते की आपण बरे झालो. हाडातला साठा मात्र हळूहळू झिरपत राहतो. गरोदरपणात हाडे झिजली की तो आईच्या रक्तात आणि वारेतून गर्भात पोहोचतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये अंदाज दिला की, जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे. त्यातली २७.५ कोटी भारतातली. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली घालवले, तरीही हा आकडा.

या पातळीला मूल आजारी दिसत नाही. अभ्यासात मन लागत नाही, चिडचिड करते, बुद्ध्यांक काही गुणांनी घसरतो. पालक मोबाइलला दोष देतात. आणि गेलेले परत मिळवून देणारे औषध नाही. अमेरिकेत ७८० लहान मुलांना शिसे बाहेर काढणारे औषध किंवा नुसती साखरेची गोळी देऊन तुलना केली गेली. २००१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही. ४५ मायक्रोग्रॅमच्या वर पातळी गेली तर ते औषध द्यावेच लागते, पण ते जीव वाचवण्यासाठी.

आता नेमबाज मुलांच्या पालकांना घाबरवण्याचा हेतू नाही. एअर रायफलमध्ये दारू नसते, पेट घेणारे मिश्रण नसते, त्यामुळे शिशाचा धूर होत नाही. म्युनिकमध्ये बंदिस्त रेंजवरच्या नेमबाजांचे रक्त तपासले तेव्हा फक्त हवेच्या बंदुका वापरणाऱ्यांत शिसे सर्वांत कमी आढळले. पॉइंट २२ वापरणाऱ्यांत ते दुपटीहून अधिक होते आणि मोठ्या पिस्तुलांनी वेगवान सामने खेळणाऱ्यांत सर्वाधिक. २०१७ च्या एका आढाव्यात रेंजवरच्या नेमबाजांचे ३६ अभ्यास एकत्र केले गेले, तर ३१ अभ्यासांत काही ना काही नेमबाजांची पातळी १० च्या वर निघाली. म्हणजे धोका खेळात कमी आणि हवा खेळती नसलेल्या खोलीत जास्त. वीस ज्यूलपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून दहा मीटरची रेंज सोसायटीच्या हॉलमध्ये, तळघरात, शाळेच्या एखाद्या वर्गात उभी राहू शकते. छर्रा मात्र शिशाचाच असतो. लोखंडी पत्र्यावर आदळून तो चपटा होतो, त्याची बारीक भुकटी खाली पडते, आणि संध्याकाळी कोणीतरी मावशी ती कोरड्या झाडूने झाडते. तिचे रक्त कोणी तपासत नाही.

झाडू बंद करायला पैसे लागत नाहीत. ओले पुसणे, छर्रे अडवायला योग्य सापळा, हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहील अशी पंख्याची मांडणी, आणि दाराशीच साबण व नळ. छर्रे दातांत धरायची काही मुलांची सवय प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी मोडावी. हात धुतल्याशिवाय वडापाव नाही. सरावाचे कपडे वेगळे धुवावेत, बूट उंबऱ्याबाहेर राहावेत. ज्यांना शिसे वितळवणे टाळताच येत नाही त्यांनी ते घराबाहेर, मोकळ्या वाऱ्यात, मुलांपासून आणि गरोदर बाईपासून दूर करावे. त्यासाठीचे भांडे पुन्हा कधीच स्वयंपाकघरात येऊ नये. कोळी बांधवांसाठी शिशाऐवजी लोखंडी किंवा दगडी वजने स्वस्तात मिळतील अशी योजना मत्स्यव्यवसाय विभागाने आखली, तर ती सर्वांत उपयोगाची ठरेल.

महापालिकेकडे आमचे मागणे छोटे आहे. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या रुग्णालयांत रक्तातल्या शिशाची चाचणी मागेल त्याला मिळावी, आणि नेमबाजी शिकणारी, कोळीवाड्यातली व बॅटरीच्या दुकानांमागे राहणारी मुले आधी तपासावीत. सर्वांची सरसकट तपासणी नको, ती खर्चिक आहे आणि निम्मी वाया जाते. बोटातून घेतलेल्या रक्तात हातावरची भुकटी मिसळून आकडा फुगतो, म्हणून जास्त निघालेला निकाल शिरेतल्या रक्ताने पडताळावा. पाचच्या वर निघाला की घरात शिसे कुठून येते हे शोधायला आरोग्यसेविकेने घरी जावे. तिथे तिने प्रथम विचारावे, बाबा, काका, मामा यांच्यापैकी कोण काय वितळवते.