वकिलाकडे जाण्याआधी घरचे कागद लावा

वाटणी, बांध, वहिवाटीचा रस्ता, बहिणीचा हिस्सा. असा वाद करमाळ्याच्या कोर्टापर्यंत गेला की तुम्ही वकील करता. कायदा आणि जुने निकाल शोधणे हे वकिलाचे काम. पण काय शोधायचे, हे तुमच्या कागदांवरून ठरते. ते काम घरीच करायचे असते आणि त्याला फी पडत नाही.

आधी घरची पेटी उघडा. नुसता चालू सातबारा पुरत नाही. त्यावर फेरफारांचे नंबर असतात. एकेक नंबर धरून फेरफाराची नक्कल काढा. कोणाचे नाव कधी लागले, कोणाचे कधी कमी झाले, हे तिथेच कळते. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र असेल तर तेही काढा.

उजनी धरणात जमीन गेली असेल, तर संपादनाचा निवाडा आणि बदली जमिनीचा आदेश शोधा. धरण 1980 साली पूर्ण झाले. त्या वेळचे जाणते लोक आता थकले आहेत. त्यांना आजच विचारून ठेवा.

मग एक कोरा कागद घ्या. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडले ते. एका ओळीत एकच गोष्ट. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहा. भावाकडून पैसे घेतले असतील, कोऱ्या कागदावर सही दिली असेल, तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. तुम्ही लपवलेले समोरचा वकील भर कोर्टात काढतो. तेव्हा तुमच्या वकिलाकडे उत्तर नसते.

तारखांना फार जपा. फेरफाराची नोटीस आली, तर हरकतीला 15 दिवस असतात. मंडल अधिकाऱ्यांचा निर्णय मान्य नसेल, तर प्रांतांकडे अपिलाला 60 दिवस. नोटीस कधी मिळाली ते तिच्यावरच लिहून ठेवा.

आता मोबाइलवर येणाऱ्या निकालांबद्दल. पुढे पाठवलेला निकाल खरा असेल, पण जुना असू शकतो. बहिणीच्या हिश्श्याचेच पाहा. 2015 साली सुप्रीम कोर्टाने म्हटले होते, की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असतील तरच मुलीला वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिलेला हक्क मिळेल. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने ते मत बाजूला सारले. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, वडील आधी वारले असले तरी. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी कायम राहते. आता विचार करा, पहिलाच निकाल वाचून एखादी बहीण गप्प बसली असेल, तर तिचे केवढे नुकसान! म्हणून वकिलांना नेहमी विचारा, ‘हा निकाल आजही लागू आहे का?’

एआयला विचारून मिळालेल्या निकालावर तर मुळीच विसंबू नका. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले निकाल कोर्टात दिले. त्यांना 5,000 डॉलर दंड झाला. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात, काहींचे मराठी भाषांतरही असते. निकाल तिथे सापडतो का ते पाहा.

दावा तयार झाला की सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, नावे बोट ठेवून तपासा. एक आकडा चुकला, तर दुरुस्तीच्या अर्जात महिने जातात. शिवाय मजकूर खरा असल्याचे तुम्हीच सहीने सांगत असता. वकिलांना समजावून सांगायला लावण्यात संकोच नको.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहितीसाठी 15100 हा नंबर आहे. तिथे जातानाही तो तारीखवार कागद बरोबर न्या.