पेकनचा गोड पाव

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः अलाबामात, घरोघरी होणाऱ्या या पदार्थास तेथे पाव म्हणतात. आपण त्याला केकच म्हणू. त्यात यीस्ट नाही, ताडीचे आंबवण नाही, मळणेही नाही.

चार अंडी फेटून त्यांत एक पेला पांढरी साखर, एक पेला तपकिरी साखर व एक पेला बिनवासाचे तेल घालावे. दीड पेला मैद्यात सव्वादोन चहाचे चमचे बेकिंग पावडर व थोडे मीठ चाळून मिसळावे. मैदा पडल्यावर फार घोटू नये, पाव चिवट होतो. शेवटी चमचाभर व्हॅनिला व दोन पेले पेकनचे तुकडे.

पेकन हे आक्रोडाच्या कुळातील फळ. बी लावून वाढविलेले झाड मूळ झाडासारखीच फळे देईल याचा भरवसा नसतो. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लुइझियानातील ओक अ‍ॅली मळ्यावर अँत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १६ झाडांवर यशस्वी कलमे केली. १८४८ च्या मालमत्तेच्या यादीत त्याची किंमत १००० डॉलर लिहिली आहे, गुराढोरांची लिहावी तशी! त्या कलमांच्या फळांना १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात प्रशस्ती मिळाली. ती मात्र मळ्याच्या तेव्हाच्या मालकाला.

पेकन महाग वाटल्यास आक्रोड घ्यावेत. किंचित कडसर लागतील इतकेच. मिश्रण तेल लावलेल्या नऊ बाय तेरा इंचांच्या ट्रेत ओतून १७५ अंश सेल्सिअसवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. मधला भाग थोडा ओलसर राहतो, तो तसाच असू द्यावा. पूर्ण निवल्यावरच वड्या कापाव्यात.