विश्लेषण : घाट उतरला, पण समुद्र कळला का?

कळंबा तलावापासून मालवणचा किनारा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट, नाहीतर राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरला की सह्याद्रीच्या पायथ्याशी तळकोकण सुरू होते. सकाळी निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला मालवणात असते. म्हणूनच सुट्टी लागली की कोल्हापूर परिसरातील गाड्या मालवण-तारकर्लीकडे वळतात. घाटातल्या वळणांची धास्ती सगळ्यांनाच असते. समुद्राबद्दल तेवढी सावधगिरी मात्र दिसत नाही.

धोका कोणाला अधिक?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आठ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी मुले घाटावरची होती. किनाऱ्यावर वाढलेल्याला समुद्राची लहर रोज दिसते. घाटावरून आलेल्याला दिसते ते फक्त पाणी.

तलावात पोहणाऱ्याला समुद्र वेगळा का?

कोल्हापूरला पोहण्याची परंपरा आहे. विरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपटू याच मातीतला. पण तलावाचे किंवा विहिरीचे पाणी जागेवर असते. तिथे खोली समजली की काम भागते. समुद्रात खोली तासातासाला बदलते, पायाखालची वाळू सरकते आणि पाणी स्वतःच चालत असते. खारे पाणी अंगाला जास्त उचलून धरते, त्यामुळे नवख्याला नसता आत्मविश्वास येतो.

परतीचा प्रवाह म्हणजे काय?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या बांधांमधली सखल वाट शोधते. त्या चिंचोळ्या वाटेने ते वेगाने समुद्राकडे धावते. जोर असेल तेव्हा हा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो. कसलेला पोहणाराही त्याविरुद्ध टिकत नाही. फसगत अशी, की या वाटेवर लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा दिसला की नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडून मगच परतावे. काठावरच्यांनीही मागोमाग उडी घेऊ नये. दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, तरंगणारे जे हाती लागेल ते फेकावे. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा गेला, की एका अपघाताचे अनेक बळी होतात.

भरतीची वेळ घरबसल्या कळते?

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाण्याची ओढही वाढते. ओहोटी सुरू असताना खाडीच्या मुखाशी पाणी बाहेर खेचले जाते. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते, तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवे. उंच लाटांचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था देते. निघण्यापूर्वी ते पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

नौका आणि स्कुबाचे काय?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी नौका उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. पावसाळ्याच्या तोंडावर, साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत, जलपर्यटन बंद ठेवले जाते. या काळात कोणी ‘थोडेसे फिरवून आणतो’ म्हणाले तरी नकार द्यावा. इतर वेळी नौकेत चढण्याआधी जीवरक्षक जॅकेट अंगावर बांधलेले हवे, बाकाखाली ठेवलेले नव्हे.

जबाबदारी कोणाची?

सारा दोष पर्यटकांच्या हुल्लडबाजीवर ढकलणे सोयीचे, पण अपुरे आहे. शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभारली. पर्यटनावर जगू पाहणाऱ्या सिंधुदुर्गातही गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक, लाल झेंडे आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचा फलक असायलाच हवा. कुठे उतरू नये, हे गावातल्या मच्छीमारांना ठाऊक असते. त्यांचे हे ज्ञान फलकावर आले पाहिजे.

घाटाच्या या बाजूलाही काम आहे. सहलीला परवानगी देताना शाळा-महाविद्यालये पालकांचे संमतीपत्र घेतात. त्या कागदासोबत त्या दिवसाची भरतीची वेळ आणि परतीच्या प्रवाहावर दहा मिनिटांची माहिती सक्तीची करायला काहीच खर्च येत नाही. संमतीपत्राने संस्थेची जबाबदारी हलकी होत असेल. पाण्यात उतरलेल्या मुलाला मात्र आधार होईल तो या दहा मिनिटांचाच.