मिलिलिटर आणि ग्रॅम : एक दुर्लक्षित भेद

शार्ङ्गधरसंहितेत मानपरिभाषा पहिल्याच अध्यायात येते, यावरूनच मापाचे महत्त्व ध्यानी यावे. तथापि आज अनेक चिकित्सालयांत व औषधालयांत मिलिलिटर आणि ग्रॅम ही दोन माने सर्रास एकच समजली जातात, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते.

या गोंधळाचे मूळ एका सोयीत आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने एक पल म्हणजे ४८ ग्रॅम व एक प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम असे रूपांतर स्वीकारले आणि द्रवांसाठी तेच आकडे मिलिलिटरमध्ये घेण्यास मान्यता दिली. जलाच्या बाबतीत ही सोय निर्वेध आहे. कारण एक लिटर पाणी जवळजवळ एक किलोग्रॅमच भरते. मध व घृत यांना मात्र हा न्याय लागू पडत नाही. १० मिलिलिटर मध सुमारे १४ ग्रॅम भरतो, तर तितकेच तूप जेमतेम ९ ग्रॅम.

मध व घृत समप्रमाणात देऊ नयेत, हा निर्देश आपण सर्व जाणतो. तो पाळण्यासाठी 'एक चमचा मध, दीड चमचा तूप' असे लिहून दिले, तर काय घडते? चमचा ५ मिलिलिटरचा धरल्यास मध ७ ग्रॅम व तूप सुमारे ६.८ ग्रॅम होते. चमच्याने विषम दिसलेली मात्रा तराजूवर समच ठरते! शिवाय घरोघरचा चमचा ५ मिलिलिटरचाच असतो, असेही नाही.

निर्मितीतही हीच सावधानता हवी. प्रस्थापासून पुढे द्रवद्वैगुण्य धरल्यास प्रस्थभर द्रव १५३६ मिलिलिटर, अर्थात १.५३६ लिटर होतो. परंतु हाती असलेल्या पाठात हे द्वैगुण्य आधीच धरले आहे की नाही, हे न पाहता पुन्हा दुप्पट केल्यास आसवारिष्टाचे संधानच बिघडेल.

म्हणून आमची विनंती एवढीच : मध व घृत यांची मात्रा ग्रॅममध्ये लिहावी, आसवारिष्ट व क्वाथ यांची मिलिलिटरमध्ये. अर्धा लिहिताना दशांशचिन्हापूर्वी शून्य द्यावे. औषधालयचालकांनी बाटलीसोबत खुणांचे मापपात्र द्यावे. शास्त्र आपले आहे. त्याचे माप चुकल्यास दोषही आपल्याच माथी येईल.