चित्रांतला दरबार आणि हरवलेलें दप्तर

निफाड येथील एका शाळेंत व्याख्यानानिमित्त आम्ही नुकतेच गेलों होतों. भिंतीवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची तसबीर होती. १८ जानेवारी १८४२ रोजीं त्यांचा जन्म याच गांवीं झाला, हें मुलांनीं एका सुरांत सांगितलें. पण त्यांचे वडील येथें काय करीत, या प्रश्नास उत्तर आलें नाहीं. ते मामलेदाराच्या कचेरींत कारकून होते. न्यायमूर्तींची तसबीर घरोघर गेली. त्या कारकुनाच्या दप्तरास मात्र आमच्या ऐतिहासिक चित्रांत जागा मिळाली नाहीं. आमची तक्रार हीच आहे.

आमच्या चित्रकारांस राज्य म्हटलें कीं दरबार दिसतो. अधिकारी दिसतो तो बसलेला किंवा मुजरा करणारा. काम करणारा क्वचितच. पुणें दरबाराचें प्रसिद्ध चित्रच घ्या. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा कागद इंग्रज वकील मॅलेट सवाई माधवरावांस देत आहे, हा प्रसंग टॉमस डॅनियलनें १८०५ सालीं विलायतेंत रंगविला. तो स्वतः त्या दरबारांत नव्हता. ज्याच्या रेखाटनांचा त्यानें आधार घेतला तो जेम्स वेल्सहि हिंदुस्थानांत आला १७९१ मध्यें! चेहरे व पोषाख वेल्सनें मागाहून डोळ्यांनीं पाहिले, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तहाचीं कलमें ज्यांनीं लिहिलीं, नकला ज्यांनीं उतरल्या, त्यांची आठवण तें चित्र पाहून कोणास होते? खुद्द नानांचें 'फडणीस' हें पद 'फर्दनवीस', म्हणजे कागद लिहिणारा, या शब्दावरून आलेलें. पण आमच्या डोळ्यांपुढें नाना उभे राहतात ते मसनदीजवळ, फडांत नव्हे.

कोणी म्हणतील, दौत आणि वही यांत सौंदर्य तें कसलें? त्यांनीं रेम्ब्रांटचें १६६२ सालचें चित्र पाहावें. आम्स्टरडॅमचे कापडाची प्रत तपासणारे अधिकारी मेजाभोंवतीं आहेत, पुढें वही उघडी आहे. तरवार नाहीं, मुकुट नाहीं. तरी तें चित्र जगांतील श्रेष्ठ चित्रांत गणलें जातें. तेव्हां उणीव विषयाची नव्हे, दृष्टीची आहे.

साधनांचीहि सबब चालणार नाहीं. पुण्यास पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. पेशव्यांच्या रोजनिशींवर रानड्यांनीं १९०० सालीं निबंध वाचला, त्यांत लढायांपेक्षां वसूल, कर्ज आणि न्याय यांचाच विचार अधिक केला. कारकुनाच्या मुलास दप्तराची किंमत ठाऊक होती.

हा केवळ कलेचा वाद नाहीं. अधिकार म्हणजे गादी, असें ज्या मुलाच्या मनावर चित्रांनीं बिंबविलें, तो मोठेपणीं कचेरींत नागरिक म्हणून नव्हे, मुजरेकरी म्हणून उभा राहतो. आणि त्याच चित्रांवर वाढलेला खुर्चीवरचा मनुष्य मुजऱ्याची वाट पाहतो. अधिकार म्हणजे नेमून दिलेलें काम, हें दोघांनाहि कोणी दाखविलेलें नसतें.

म्हणून क्रमिक पुस्तकें काढणारांस आमचें सांगणें आहे: दहा दरबार छापा, पण एक दप्तरहि छापा. बोरू, दौत, शाई वाळविण्याची वाळू, आणि कागदावर वांकलेला एक माणूस. निफाडच्या त्या भिंतीवर तसबिरीशेजारीं तें चित्र लागेल, तर पुढच्या खेपेस आमच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.