सायकल संथ, म्हणून निर्धोक नव्हे

जून उजाडला की दप्तर, रेनकोट यांच्याबरोबर अनेक घरांत सायकलही येते. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्याने खेड्यापाड्यांतील मुलींची शाळेची वाट सोपी झाली. सायकल आरोग्याला हितकारक आणि खिशाला परवडणारी आहे, यात वाद नाही. मात्र तिचा वेग कमी, म्हणून तिच्यावरून पडण्याला कोणी फारसे मनावर घेत नाही. भौतिकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. म्हणजे उभ्या सायकलीवरून तोल गेला, तरी मार किरकोळ नसतो.

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती सायकलीला लागू नाही. पण कायद्यात नाही म्हणून कवटी टणक होत नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बदलावे. आतला दबलेला फोम पुन्हा धक्का शोषत नाही.

दुसरी दुखापत हँडलची. पडताना हँडलचे टोक पोटात रुतते. बाहेर जेमतेम नाण्याएवढा वळ दिसतो, आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड फाटलेले असू शकते. पोटदुखी, उलट्या काही तासांनी सुरू होतात. म्हणून मुठीचे रबर फाटून नळी उघडी पडली असेल, तर ते लगेच बदलावे.

तिसरी दुखापत कॅरिअरवर बसलेल्या लहानग्याची. त्याचा पाय मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये जातो आणि टाचेची कातडी सोलवटते. ही जखम भरायला अनेक आठवडे लागतात, कधी त्वचारोपणही करावे लागते. चाकाला जाळी आणि पाय ठेवायला पायटे, एवढ्याने हे टळते. पाय अडकलाच, तर ओढू नये; स्पोक कापून किंवा वाकवून सोडवावा. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, चहापूड, तंबाखू भरू नये.

‘दोन वर्षे पुढे चालेल’ म्हणून मोठी सायकल घेण्याची काटकसर महागात पडते. सीटवर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही ब्रेक रोज तपासावेत. पावसात रिम ओली झाली की सायकल थांबायला जास्त अंतर लागते. डाव्या बाजूनेच चालवावी. ‘जवळ पडते’ म्हणून उलट दिशेने जाऊ नये. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवा. कानात इअरफोन नको.

डोक्याला मार लागल्यानंतर मूल उठून चालू लागले, तरी निर्धास्त राहू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटदुखी वाढत गेली, तरी हाच नियम.

सायकल वाटणाऱ्या यंत्रणांनी तिच्यासोबत हेल्मेट, दिवा आणि चाकाची जाळीही द्यावी. शाळांनी महिन्यातून एकदा आवारातल्या सायकलींचे ब्रेक पाहावेत. यासाठी लागणारा पैसा आणि वेळ थोडा आहे. डोक्याच्या एका शस्त्रक्रियेपुढे तर तो काहीच नाही.