बूस्ट वाढविल्याने मायलेज वाढते काय?

संपादक महाशय,


टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या धुरावरच फिरत असल्याने त्याचा दाब (बूस्ट) वाढविला की मायलेज आपोआप वाढते, हा गतांकातील पत्राचा मजकूर अर्धसत्य आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिच्यामुळे लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम घेता येते, आणि बचत होते ती इंजिन लहान असल्यामुळे. कारण पेट्रोल गाडीत हवा जितकी अधिक कोंबावी, तितके इंधनही द्यावेच लागते. राजूरहून केदारखेड्याकडे संथपणे येताना दाब नाममात्र असतो. परंतु ट्रक ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबताच तो चढतो, नॉकिंग टाळण्यास्तव ठिणगी उशिरा पाडावी लागते, प्रसंगी मिश्रणात पेट्रोलही वाढते, आणि बचतीचा जमाखर्च तेथेच फिटतो. डिझेलमध्ये मुबलक हवेने ज्वलन सुधारते खरे. तथापि टर्बाइनमुळे धुराच्या वाटेत येणारा अवरोध तेथेही इंजिनालाच सोसावा लागतो.

तेव्हा दाब वाढविण्यासाठी वेस्टगेट झडपेशी छेडछाड करण्यापूर्वी, निदान आमच्या धुळीच्या मुलखात तरी, एअर फिल्टर वेळेवर बदलावा व इंटरकूलरच्या होजची गळती तपासावी, अशी वाचकांस विनंती.

आपला,
एक वाचक
केदारखेडा, जि. जालना